खिडकीवरचा पिवळा डाग

तो डाग समोरून पाहिला तर दिसत नसे. खिडकी तिरकी करून ट्यूबलाइटच्या उजेडात धरली, की रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या पारदर्शक चकतीच्या मधोमध फिकट पिवळसर साय उमटे आणि हात जरासा हलला की नाहीशी होई. दूध ओतून घेतल्यावर पातेल्याच्या कडेला जो पापुद्रा राहतो, त्याच्या शतांशानेही तो डाग जाड नव्हता आणि त्याचे वजन मायक्रोग्रॅममध्येच सांगता आले असते. पण तेवढ्यासाठी आम्ही चौघे जण अडीच आठवडे रात्रपाळ्या करत होतो, कारण ताऱ्यांमधल्या अंधारात धुळीच्या कणावर गोठलेल्या बर्फाचे जे काही होत असावे, ते आमच्यापुरते त्या चकतीवर उतरले आहे असे आम्हाला वाटत होते. डाग खरोखर त्या बर्फाचा आहे की आमच्याच पंपाचा, ग्रीसचा किंवा हातांचा, हे ठरवणे हेच तिथले खरे काम होते आणि त्या कामात माझी दोन वर्षे गेली.

एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून मी रुजू झाले, तेव्हा आकाशाचा अभ्यास दुर्बिणीनेच होतो असा माझा समज होता. त्या खोलीत दुर्बीण नव्हती आणि खोलीला आकाश दिसेल अशी खिडकीही नव्हती. कळशीएवढे एक पोलादी भांडे होते, त्याला चहूबाजूंनी फ्लँजेस, म्हणजे नळ्या-झाकणे जोडायच्या पोलादी कडा, होत्या आणि वरून आत उतरलेले हेलियमवर चालणारे कोल्ड हेड सेकंदाला एकदा अशा ठेक्यात उखळात मुसळ पडल्यासारखे वाजत असे. त्या कोल्ड हेडच्या टोकाला सीझियम आयोडाइडची एक चकती बसवलेली असे. अवरक्त किरण तिच्या आरपार जातात, म्हणून तिला आम्ही खिडकी म्हणत असू. ती १० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायची, बाजूच्या बारीक नळीतून पाण्याची वाफ, मेथॅनॉल, अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण हळूहळू आत सोडायचे, ते खिडकीवर आदळून तिथल्या तिथे गोठले की समोरचा हायड्रोजनचा दिवा लावायचा. त्या दिव्यातील वायूची गुलाबी-जांभळी आभा सुंदर दिसे. कामाचा प्रकाश मात्र डोळ्यांना न दिसणारा होता: १२१.६ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील, जो रेणूंचे बंध तोडतो.

हे सारे ज्याची नक्कल म्हणून करायचे, ते रेणूमेघांमधले, म्हणजे ताऱ्यांमधल्या थंड वायू-धुळीच्या ढगांमधले, बर्फ काल्पनिक नाही. १९७३ मध्ये मृग नक्षत्रातील एका झाकोळलेल्या ताऱ्याच्या अवरक्त वर्णपटात ३.१ मायक्रॉनपाशी पाण्याच्या बर्फाने प्रकाश शोषल्याचा खळगा सापडला आणि त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मेथॅनॉल, मिथेन, अमोनिया अशी यादी वाढत गेली. मेघांतील धुळीचा कण मायक्रॉनच्या एक दशांशाएवढा असतो, गाभ्याला सिलिकेटचा आणि वरून या बर्फाचा लेप दिलेला. आपण फ्रीजमध्ये पाहतो तसे ते स्फटिकी बर्फ नसते. इतक्या थंडीत रेणूला आपली जागा शोधायला उसंत मिळत नाही, तो जिथे पडतो तिथेच थिजतो, त्यामुळे त्याची रचना काचेसारखी अस्ताव्यस्त आणि सच्छिद्र होते.

पहिले सहा महिने मी बर्फाचे काही शिकले नाही, निर्वाताचे शिकले. भांडे एकदा उघडले की त्याच्या आतल्या भिंतीवर हवेतले पाणी चिकटते आणि ते पंपाने सहजी निघत नाही. म्हणून सगळ्या भांड्याला तापवायच्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून ॲल्युमिनियम फॉइल लपेटायची आणि दोन दिवस शंभर अंशांच्या वर भाजत ठेवायचे. याला सगळे जण ‘बेक करणे’ म्हणत आणि खोलीत खरोखरच बेकरीसारखी ऊब असे. फ्लँजेसच्या मध्ये तांब्याची कडी बसते, तिला गॅस्केट म्हणतात. धारदार कडांमध्ये ती चेपली जाते आणि एकदा चेपली की तिचे काम संपले. एका शनिवारी नवी गॅस्केट मिळेना, तेव्हा मी जुनीच पुसून पुन्हा लावली. वर्कशॉपमधले काका सोमवारी हेलियमची पिचकारी घेऊन प्रत्येक सांध्यावर फवारत गेले, मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, ४ या वस्तुमानाचा म्हणजे हेलियमचा पीक (आलेखातले टोक) माझ्या सांध्यापाशी टुणकन उडाला आणि काका एवढेच म्हणाले, “ताई, तांब्याला आठवण असते.”

ही काटकसर किती महाग पडते, ते आकड्यांतच सांगायला हवे. चांगल्या अवस्थेत आमच्या भांड्यातला दाब वातावरणाच्या दाबाचा सुमारे दहा लाख कोटीवा भाग असे. ऐकायला ते निव्वळ शून्य वाटते, पण हिशेब केला तर एका घन सेंटिमीटरमध्ये तरीही वीस-पंचवीस लाख रेणू उरतात. ज्या मेघाला खगोलशास्त्रज्ञ दाट म्हणतात, त्यात ही संख्या दहा हजार ते दहा लाख असते. म्हणजे माणसाने मोठ्या कष्टाने केलेली पोकळी आकाशातल्या दाटीपेक्षाही दाट. या उरलेल्या रेणूंतूनही आपोआप एका रेणूच्या जाडीचा थर खिडकीवर बसायला काही तास लागतात. दाब शंभरपट वाढला तर तेच काम काही मिनिटांत होते आणि दहा केल्विनवर हायड्रोजन व हेलियम वगळता जवळजवळ काहीही चिकटते. तुम्ही जेवायला जाऊन येता, तोवर तुमच्या आंतरतारकीय बर्फावर तुमच्याच खोलीतल्या दमट हवेचे बर्फ बसलेले असते.

माझी फजिती याहून बारीक गोष्टीने झाली. एका प्रयोगात दिवा बंद केल्यावर मी अवरक्त वर्णपट घेतला, तर २,९२० आणि २,८५० या वेव्हनंबरांपाशी (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्येपाशी) दोन सुबक पीक उभे होते. कार्बन-हायड्रोजन बंधांचे, तेही लांब साखळीतल्या बंधांचे. मेथॅनॉलसारख्या एका कार्बनच्या रेणूपासून आम्ही साखळ्या बनवल्या, असा अर्थ मी लावला आणि रात्री अकरा वाजता सरांना फोन केला. सर आले, त्यांनी आलेखाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “बर्फ न टाकता, नुसत्या थंड खिडकीचा वर्णपट घेतला आहेस का?” मी घेतला नव्हता. घेतला तेव्हा तेच दोन पीक तिथेही होते. कोणीतरी एका रबरी रिंगला बोटाने जरा जास्त ग्रीस लावले होते आणि त्याची वाफ दोन दिवस खिडकीवर बसत होती.

त्या पीकची जागा मायक्रॉनमध्ये मोजली तर ३.४ येते आणि हा आकडा खगोलरसायनात कुप्रसिद्ध आहे. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने पाहिले, की वाटेतली धूळ नेमक्या याच ठिकाणी प्रकाश शोषते. १९८०च्या दशकाच्या आरंभी फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांनी या खळग्याची तुलना प्रयोगशाळेत वाळवलेल्या जिवाणूंच्या वर्णपटाशी केली आणि जुळणी इतकी चांगली आली, की ताऱ्यांमधल्या धुळीचा मोठा भाग जिवाणूंचाच आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. जुळणी खोटी नव्हती. पण कार्बन-हायड्रोजनचा तो बंध जिवाणूत असतो, साजूक तुपात असतो, आमच्या ग्रीसमध्ये होता आणि बर्फावर अतिनील प्रकाश टाकून मिळालेल्या निर्जीव पिवळ्या सायीतही असतो. अवरक्त वर्णपट रेणूचे कूळ सांगतो. घराचा पत्ता त्यातून मिळत नाही. हॉईल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, त्यामुळे आकाशातून आलेल्या जीवनबीजांची ही कल्पना मराठी वाचकांना परकी नाही. २००१च्या जानेवारीत हैदराबादच्या फुगा केंद्रावरून नारळीकरांच्या पुढाकाराने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली, तेव्हा वर्णपटावर न विसंबता प्रत्यक्ष पेशीच शोधायच्या असे ठरले होते. त्या प्रयोगाचे निष्कर्ष वादग्रस्त राहिले. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे आधी निर्जंतुक केलेली, द्रव निऑनने थंड ठेवलेली पोलादी पात्रे. वाद व्हायचा तो या पात्रांवरून होणार, हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक होते.

बर्फाचे हे शास्त्र ज्या गावात रुजले, ते नेदरलँड्समधील लायडन. मला या योगायोगाचे फार कौतुक वाटते. हाइके कामर्लिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम प्रथम द्रवरूपात आणला तो लायडनमध्ये, म्हणजे माणसाला इतकी थंडी करता येते हे सिद्ध झाले ते इथेच. ताऱ्यांमधली धूळ म्हणजे ‘मळके बर्फ’ असावे, अशी मांडणी १९४०च्या दशकात हेन्ड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी केली, तेही पुढे लायडनचेच झाले. सूर्यमालेच्या दूरच्या कडेला धूमकेतूंचे प्रचंड भांडार असले पाहिजे, असे १९५० मध्ये सांगणारे यान ऊर्टही तिथलेच. थंडी, मळके बर्फ आणि धूमकेतू असे तिन्ही धागे गावात आधीच होते. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतून आलेल्या मेयो ग्रीनबर्ग यांनी ते एका पोलादी भांड्यात एकत्र आणले. त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकी खोलीच्या तापमानाला आणल्यावर, पाणी आणि अमोनिया उडून गेल्यावर, मागे जे चिकट काही राही, त्याला तिथली मंडळी सरळ ‘यलो स्टफ’ म्हणत. आमचा डाग त्याच वंशातला.

ग्रीनबर्ग यांनी पुढे एक गोष्ट केली, तिचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. आपल्या पिवळ्या सायीचे नमुने त्यांनी खऱ्या आकाशात पाठवले. १९९२च्या जुलैअखेर निघालेल्या अटलांटिस यानाने युरेका नावाचा उपग्रह कक्षेत सोडला, त्यावर ते होते. काही महिने उघड्या सूर्यप्रकाशात राहून १९९३च्या जुलैत ते परत आले, तेव्हा पिवळ्याचे तपकिरी झाले होते. त्यातला ऑक्सिजन आणि नायट्रोजन कमी होऊन कार्बनचा भाग वाढला होता आणि त्यांचा अवरक्त वर्णपट आकाशातल्या त्या ३.४ मायक्रॉनच्या खळग्याशी आधीपेक्षा अधिक जुळू लागला होता.

या सगळ्या प्रयोगांना एक दुखरी जागा आहे, ती म्हणजे वेळ. आमचा दिवा खिडकीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला १ वर १५ शून्ये इतके फोटॉन ओतत असे. दाट मेघाच्या पोटात ताऱ्यांचा प्रकाश शिरत नाही. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हायड्रोजनच्या रेणूंना डिवचतात आणि त्यातून जो थोडा अतिनील प्रकाश निघतो तेवढाच तिथे असतो, सुमारे दहा हजार फोटॉन. म्हणजे प्रयोगशाळेतला एक तास आकाशातल्या सुमारे एक कोटी वर्षांचा आणि मेघाचे आयुष्यही साधारण याच मापातले. हेच एका धूलिकणाच्या बाजूने पाहिले तर अधिक लख्ख दिसते. मेघातल्या कणावर तीन-चार दिवसांतून एखादा फोटॉन येऊन पडतो. तेवढ्याच क्षेत्रफळावर आमचा दिवा सेकंदाला तीन लाख फोटॉन पाडत होता.

दहा वर्षांचा पाऊस एका तासात पडला तर पाणी तेवढेच असेल, पण जमिनीत मुरणार नाही. मी हे सरांना विचारले होते. त्यांचे उत्तर मला निम्मे पटले. फोटॉनने रेणू तुटला की जे अर्धे तुकडे होतात, ते १० केल्विनच्या बर्फात जागचे हलू शकत नाहीत, खिळल्यासारखे बसून राहतात. पुढचा फोटॉन क्षणात आला की चार दिवसांनी, त्यांना फरक पडत नाही. मेघात तारा जन्मू लागला, कण तापू लागला, की मग ते सरकतात आणि एकमेकांना भेटतात. खिडकी तापवताना आम्हीही तेच करत होतो, मिनिटाला एखाद-दोन अंशांच्या गतीने. निम्मे पटले म्हणते, कारण हायड्रोजनचा सुटा अणू मात्र खिळून राहत नाही. तो दहा केल्विनवरही इकडेतिकडे सरकतो आणि अडथळ्याच्या डोक्यावरून न जाता क्वांटम नियमांनुसार त्याच्या पोटातून पार होतो. जपानमध्ये साप्पोरो इथे नाओकी वातानाबे आणि आकिरा कोची यांनी २००२ मध्ये गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर नुसते हायड्रोजनचे अणू सोडून फॉर्माल्डिहाइड आणि मेथॅनॉल मिळवले. दिव्याची गरजच पडली नाही. २०२१ मध्ये तर लायडनच्या प्रयोगशाळेतून ग्लायसीन हे अमिनो आम्लही, म्हणजे प्रथिनांच्या घडणीतली एक वीट, अतिनील प्रकाशाशिवाय, केवळ अणूंच्या अशा भेटींतून तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. दिव्याभोवती आमचा सगळा संसार मांडलेला होता. तो दिवा कदाचित उशिरा येणारा पाहुणा असावा, हे मान्य करायला मला वेळ लागला.

प्रयोगशाळेचा आकाशाला नेमका उपयोग कसा होतो, याचे माझे आवडते उदाहरण वर्णपटातल्या एका बेवारस रेघेचे आहे. डब्ल्यू-३३-ए नावाच्या एका जन्मत्या ताऱ्याभोवतीच्या बर्फात ४.६२ मायक्रॉनपाशी एक पट्टा दिसे. पाण्याचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचाही नाही. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला बंध असावा एवढेच कळत होते, म्हणून पोलिसांच्या नोंदीत ‘अनोळखी इसम’ लिहावे तसे त्याला ‘एक्स-सीएन’ असे नाव पडले. अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइड असलेल्या बर्फावर किरण टाकले, की हाच पट्टा प्रयोगशाळेतही उगवे. मग समस्थानिकांचा खेळ सुरू झाला: साध्या कार्बनऐवजी त्याचा किंचित जड भाऊ कार्बन-१३ घाला, पट्टा सरकला; नायट्रोजन बदला, सरकला; ऑक्सिजन बदला, तरीही सरकला. ज्या रेणूत ऑक्सिजन नाही, त्याचा पट्टा ऑक्सिजन बदलून सरकेल कशाला? अनोळखी इसमाचे नाव लागले: सायनेट आयन. बर्फात त्याच्या जोडीला धन आयन कोणता, तर अमोनियम.

अमोनियम सायनेट. अकरावीच्या वर्गात कार्बनी रसायनशास्त्राचा पहिला धडा शिकवताना हे नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. १८२८ मध्ये फ्रीडरिश वोलर यांनी हाच क्षार तापवून युरिया मिळवला आणि सजीवांच्या शरीरातले पदार्थ बनवायला ‘प्राणशक्ती’ लागते, या समजुतीला पहिला तडा गेला. तो क्षार जन्मत्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीवर, अंधारात, वोलर यांच्या कितीतरी आधीपासून गोठलेला पडून आहे. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्नच्या काथ्रिन आल्टवेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझेटा यानाच्या मोजमापांतून ६७पी या धूमकेतूच्या धुळीत अमोनियमचे क्षार असल्याचे पुरावे मांडले. त्या क्षारांत अमोनियम सायनेटही आहे. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो, असे मुले म्हणतात.

अमिनो आम्लांची गोष्ट एवढी सरळ नाही. २८ मार्च २००२च्या ‘नेचर’मध्ये दोन निबंध एकत्र आले. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रातील मॅक्स बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, मेथॅनॉल, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइडच्या बर्फातून ग्लायसीन, ॲलनीन आणि सेरीन मिळवले होते. लायडनच्या गिल्येर्मो मुन्योस कारो यांच्या चमूने १२ केल्विनच्या बर्फातून १६ अमिनो आम्ले ओळखली होती. ही आम्ले बर्फाची की हाताळणाऱ्यांच्या बोटांची? शंका रास्त होती, कारण बोटाच्या ठशात अमिनो आम्ले, त्यातही सेरीन, भरपूर असते. एका ठशातला माल आमच्यासारख्या प्रयोगाच्या साऱ्या उत्पन्नाला सहज झाकून टाकेल. दोन्ही गटांकडे या शंकेचे उत्तर तयार होते. एक म्हणजे बर्फात मुद्दाम घातलेला कार्बन-१३, जो निघालेल्या आम्लातही सापडला. माणसाच्या बोटांना तो इतका आणता येत नाही. दुसरे उत्तर मला अधिक देखणे वाटते. अमिनो आम्लाचे डावे आणि उजवे असे दोन अवतार असतात आणि सजीव आपली प्रथिने डाव्यांतूनच घडवतात. या प्रयोगांत दोन्ही समसमान निघाले. डाव्या-उजव्यांतली ही निःपक्ष वाटणी निर्जीव रसायनाची खूण आहे. ठसा उमटला असता तर तराजू डावीकडे झुकला असता.

तरीही एक पायरी खुपत राहते. खिडकीवरची साय जशीच्या तशी तपासली तर तिच्यात मोकळी अमिनो आम्ले फार थोडी दिसतात. साय तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर तासन्‌तास उकळल्यावर मग ती भरभरून मिळतात. रसायनशास्त्रज्ञाला यात वावगे वाटत नाही, मोठे रेणू फोडून पाहायची ही जुनीच रीत आहे. पण धूमकेतूवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे उकळते भांडे कोणी ठेवले आहे? आणि सायीत असते तरी काय? मेथॅनॉल आणि अमोनियाच्या बर्फातून मिळणाऱ्या सायीचा एक मोठा घटक हेक्सामिन असतो, हे १९९५ मध्ये बर्नस्टीन यांनीच दाखवले होते. आमच्या डागाचे विश्लेषण दुसऱ्या संस्थेतून करून आणले तेव्हा त्यातही १४० या वस्तुमानापाशी तोच ठळक उभा होता.

हेक्सामिन हे नाव वाचून मला एकदम हरिश्चंद्रगड आठवला. कॉलेजात असताना आम्ही ट्रेकला जात असू, तेव्हा पत्र्याच्या इवल्याशा घडीच्या चुलीवर पांढऱ्या वड्या जाळून चहा करत असू. धूर नाही, राख नाही, फक्त नाकाला झोंबणारा एक वास. त्या वड्या हेक्सामिनच्या. फॉर्माल्डिहाइडचे सहा रेणू आणि अमोनियाचे चार एकत्र येऊन पिंजऱ्यासारखा रेणू होतो, तो हा. मूत्रमार्गाच्या संसर्गावर याचेच औषध देतात, कारण आम्लधर्मी लघवीत पिंजरा उलगडतो आणि सुटलेले फॉर्माल्डिहाइड जंतूंना मारते. म्हणजे आम्लात हेक्सामिन मोडते आणि फॉर्माल्डिहाइड व अमोनिया बाहेर पडतात, हे औषधांच्या दुकानदारालाही माहीत असलेले रसायन. फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया तापवून तो ऐवज आम्लात उकळला तर काही अमिनो आम्ले मिळतात, हे तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापलेले आहे. मग त्या यादीतली किती आम्ले अतिनील प्रकाशाने केली आणि किती आमच्या उकळत्या आम्लाने? माझ्या मते दोन्ही निबंधांचे मोल याने कमी होत नाही. आम्ले बनण्याची सामग्री बर्फात तयार होते, एवढे त्यांतून निर्विवाद सिद्ध होते आणि तेही लहान नाही. पण “अंतराळात अमिनो आम्ले बनवली” असा मथळा वाचला, की त्या उकळत्या भांड्याचा उल्लेख मी आधी शोधते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन उल्केत जपानी संशोधकांना हेक्सामिन सापडले, तेव्हा निदान पिंजरा तरी आमच्या कल्पनेतला नाही याचा मला आनंद झाला.

धूमकेतूंची नक्कल मोठ्या प्रमाणावरही झाली आहे. हॅलीच्या १९८६च्या फेरीनंतर जर्मनीत कोलोन इथे १९८७ ते १९९३ या काळात पाणी आणि खनिज धूळ द्रव नायट्रोजनमध्ये फवारून धूमकेतूची माती तयार केली गेली आणि मोठ्या निर्वात टाकीत तिच्यावर कृत्रिम सूर्य सोडला गेला. वरचे बर्फ उडून धुळीचा कोरडा पापुद्रा कसा बनतो, ते त्यातून कळले. त्या प्रयोगांत भर भौतिकशास्त्रावर अधिक होता, माझ्या डागाचे नाते त्यांच्याशी दूरचे.

जवळचे नाते स्टारडस्ट यानाशी आहे. जानेवारी २००४ मध्ये ते वाइल्ड-२ या धूमकेतूच्या शेजारून गेले, एरोजेल या अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थात धूळ पकडून जानेवारी २००६ मध्ये परतले आणि २००९ मध्ये त्या नमुन्यांत ग्लायसीन सापडल्याचे जाहीर झाले. मधली तीन वर्षे कशात गेली? नमुन्यांत एक दुसरेही अमिनो आम्ल होते आणि त्याचा माग काढत गेले तर तो नायलॉनपर्यंत पोहोचला: नमुना हाताळताना वापरलेल्या पिशव्यांच्या नायलॉनपर्यंत. ग्लायसीनही त्याच वाटेने आलेले नाही हे त्यातल्या कार्बन-१३च्या जास्तीच्या प्रमाणाने ठरले, तेव्हा कुठे घोषणा झाली. कोट्यवधी किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या धुळीला अखेरच्या टप्प्यात एका पिशवीचा हिशेब द्यावा लागला. त्यानंतर १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फिली हे छोटे यान ६७पीवर आदळून उसळले, तेव्हा उडालेली धूळ त्याच्या नळीत शिरली आणि मास स्पेक्ट्रोमीटरने ती हुंगली. पुढच्या वर्षी १६ संयुगांची यादी छापली गेली. त्या यंत्रात २८ वस्तुमानाला कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन एकाच रेघेवर येतात, ४४ला कार्बन डायऑक्साइड आणि ॲसिटाल्डिहाइड. आमच्या खोलीत आम्ही याच आकड्यांवरून तासन्‌तास भांडलो होतो, त्यामुळे पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्याच आलेखाची फेरमांडणी केली आणि यादीतली काही नावे बदलली, तेव्हा मला धक्का बसला नाही.

ती नोकरी सोडताना सरांनी मला दोन खिडक्या दिल्या. एकीवर आमचा डाग आहे. दुसरी तिची जोडीदार: तितकेच दिवस भांड्यात राहिलेली, तितकीच थंड केलेली, तितकाच वेळ दिव्याखाली असलेली, फक्त तिच्यावर वायू सोडलेला नाही. सीझियम आयोडाइड दमट हवेत खराब होते, म्हणून दोन्ही सिलिका जेलच्या पुडीसह एका घट्ट डबीत ठेवल्या आहेत. इतक्या वर्षांत डाग पिवळ्याचा तपकिरी झाला आहे. युरेकावरचे नमुने सूर्याने तपकिरी केले होते. माझ्या डागाला माझ्या कपाटातल्या हवेने केले असावे.

वोलरचा धडा झाला, की मी डबी वर्गात नेते आणि आधी जोडीदार खिडकी फिरवते. यंदा पहिल्या बाकावरच्या मुलीने ती चिमट्याने उचलून उजेडात तिरकी धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “मॅडम, हिच्यावर काहीच नाही. फक्त कडेला अर्धा अंगठा उमटला आहे.”

तो माझा आहे.